न जाणारी कडी

“आतून नगं लावू कुंकू,” दस्तगीरचाचा म्हणाले. “कडीला भाईरनं लाव. आन् पूजा झाली की आदी पूस. इसरू नगं.”

मी मान डोलावली. एका हातात कुंकवाची ओली वाटी, दुसऱ्यात झेंडूची फुलं, आणि सगळं लक्ष भिंतीवरच्या घड्याळात. साडेतीनची एसटी पकडायची होती. दसऱ्याला घरी पोचायचं होतं आणि त्यातही सांगून आलेली मुलगी बघायची होती. एकाहत्तर साल, खंडेनवमीचा दिवस. माझं वय चोवीस आणि नोकरी अजून कच्ची.

आमचा कारखाना दारूगोळ्याचा. चारी बाजूंनी डोंगर, मध्ये तारेचं कुंपण, आणि आत आपण काय करतो ते बाहेर बोलायचं नाही अशी ताकीद. आमच्या विभागात पितळी खुंट्या तपासल्या जायच्या. खुंटी करंगळीच्या पेराएवढी. ती तोफगोळ्याच्या टोकाला, फ्यूजमध्ये बसते. गोळा जमिनीवर आपटला की खुंटी पुढे सरकते, ठिणगी पडते आणि गोळा फुटतो. खुंटी जाड झाली तर बसतच नाही. बारीक झाली तर आत तिरकी होऊन अडकते, आणि मग गोळा दगडासारखा पडून राहतो. म्हणून प्रत्येक खुंटी दोन पोलादी कड्यांना लावून बघायची. पहिल्या कडीतून ती गेली पाहिजे, दुसरीतून जाता कामा नये. दुसरीतूनही गेली, तर ती बारीक आहे असं समजून लाल डब्यात टाकायची. कागदोपत्री या कड्यांना गेज म्हणत. चाचा त्यांना जाणारी कडी आणि न जाणारी कडी म्हणत.

दस्तगीर शिकलगार हा माणूस तिथे अठ्ठावीस वर्षं कड्या हाताळत होता. मूळचे रहिमतपूरचे. वाडवडील संस्थानात तलवारींना धार लावायचे, त्यामुळे चाचांकडे हत्यारांच्या गोष्टी उदंड. डब्यातली भाकरी संपेपर्यंत आम्ही भाल्यावरून ठासणीच्या बंदुकीपर्यंत पोचायचो. गडावर तोफा होत्या तेव्हाही गोळे कडीतून काढून बघायचे, असं ते सांगत. गोळा जाड निघाला तर तोफ फुटणार आणि बारीक निघाला तर दारूचा जोर बाजूने निसटून जाणार. तलवार गेली, तोफ गेली, आता हे फ्यूज आलं, पण कडी तीच राहिली, हे त्यांचं आवडतं वाक्य. हत्यार चालवणाऱ्याचं नाव होतं, तपासणाऱ्याचं कुणी घेत नाही, पण खोटं हत्यार पुढं गेलं तर त्याचं पाप तपासणाऱ्याच्या माथी, हेही ते त्याच ठसक्यात सांगत. त्यांच्या घराण्यातून खोटं हत्यार कधी गेलेलं नव्हतं. या गोष्टीचा त्यांना इतका अभिमान होता की आम्ही पोरं मागून त्यांची नक्कल करायचो.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होई. गेज मात्र पूजेत ठेवायची नाहीत, कपाटात कुलूपबंद ठेवायची, असा लेखी नियम होता. चाचांना तो नियम पटत नसे. लेथला हार घालता आणि खरंखोटं करणाऱ्या कडीला कपाटात कोंडता, हा कुठला न्याय, असं ते म्हणत. त्यांच्या आज्ज्याच्या काळी दसऱ्याला शिकलगाराची कानस आणि तेलाचा बुधला तलवारींच्या शेजारी ठेवला जाई. म्हणून दरवर्षी फोरमन निरगुडकर नारळ फोडायला पलीकडे वळले की चाचा हळूच कड्या माझ्याकडे सरकवत. कुंकू त्यांनी स्वतः कधी लावलं नाही, पण मी लावताना शेजारी उभे राहत. आणि मग तीच गोष्ट सांगत. कुण्या सरदारानं पूजेची तलवार न पुसता म्यानात घातली, हळदकुंकवाने आत गंज धरला, आणि ऐन वेळी ती उपसलीच गेली नाही. देवाला दाखवलेलं हत्यार आधी पुसायचं, मग ठेवायचं. गोष्ट मला तोंडपाठ होती.

त्या दिवशी त्यांना निरगुडकरांनी हाक मारली आणि ते पलीकडे गेले. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी बोट ओल्या कुंकवात बुडवलं आणि दोन्ही कड्यांवर घाईघाईत टेकवलं. कुंकू आत ओघळलं ते मला दिसलं. पुसायला फडकं शोधलं, ते मिळेना. बाहेरचं अंगठ्याने पुसलं, आतलं आल्यावर पुसू म्हणून कड्या तशाच कपाटात टाकल्या, कुलूप लावलं आणि पळालो.

मुलगी पसंत पडली. तिचं नाव सुलभा. आजही ती माझ्या घरात आहे आणि या गोष्टीत पुढे येणार आहे.

दसऱ्याची सुट्टी संपवून परतताना एसटी घाटात बंद पडली आणि मी वीस मिनिटं उशिरा पोचलो. चाचा आधीच बाकावर बसले होते, कड्या समोर, खुंट्यांच्या पाट्या भरलेल्या. युद्ध होणार हे तेव्हा शेंबड्या पोरालाही कळत होतं, आणि निरगुडकर सकाळपासून आकड्यासाठी सगळ्यांच्या मानगुटीवर बसले होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मला आणि त्यांच्या घरी जैतुनचाचींना सोडून ते कुणालाच ठाऊक नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. तपासणीला नजर फारशी लागतच नाही, बोटांना कळतं, असं ते म्हणत आणि ते खरंही होतं. फक्त रोज सकाळी कड्या रॉकेलने पुसून मूळ मापाशी यंत्रावर ताडून बघायच्या असत, त्या यंत्राचा बारीक काटा त्यांना दिसेनासा झाला होता. म्हणून ते काम मी करायचो आणि वहीत सही ते करायचे. असं वर्षभर चाललं होतं आणि एकदाही चूक झाली नव्हती.

“विश्राम, कडी पुसलीस न्हवं?” त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. “मापाला लावलीस?”

मागे जरा अंतरावर निरगुडकर उभे होते. त्यांना ऐकू जात नव्हतं, पण दिसत सगळं होतं. पुसली नाही म्हणावं, तर त्यांच्यासमोरच कुंकू पुसावं लागणार आणि पूजेत गेज ठेवलं होतं हे बाहेर येणार. उशीर झालेलाच होता, त्यात ही भर.

“हो चाचा. नवमीलाच पुसून, मापाला लावून ठेवली.”

त्यांनी वहीवर सही केली.

दिवसभर मी त्यांच्यासमोर पाट्या आणून ठेवत होतो. जाणाऱ्या कडीतलं कुंकू पहिल्या दहा-वीस खुंट्यांनीच घासून नेलं असणार. पण न जाणारीत काही जातच नाही. तिच्या आतला तो वाळलेला थर दिवसभर तसाच राहिला. त्याने कडीचं तोंड केसाच्या एखाद्या अंशाने लहान झालं, आणि ज्या बारीक खुंट्या एरवी तिच्यातून निसटून लाल डब्यात पडल्या असत्या, त्या तिच्या तोंडाशीच अडून चांगल्या ठरत गेल्या. संध्याकाळी चाचांनी लाल डबा हलवून पाहिला. तो रिकामा होता.

“आज माल लई गुणाचा निघाला रं,” ते म्हणाले. “नवमी पावली म्हनायची.” निरगुडकरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रॉकेलचं फडकं दुसऱ्या कडीत फिरवलं आणि ते लाल होऊन बाहेर आलं.

आजवर मी स्वतःला पुष्कळ सबबी सांगितल्या आहेत, पण त्या सकाळी मला सगळं कळलं होतं हे मी नाकारत नाही. कालच्या पेट्या अजून पलीकडच्या गोदामात होत्या. मी चार पावलं चालून निरगुडकरांना सांगितलं असतं, तर तो दिवसाचा माल परत तपासला गेला असता. मला बोलणी बसली असती, कदाचित नोकरी गेली असती. कच्च्या नोकरीवर ठरलेलं लग्नही कदाचित मोडलं असतं. मी फडकं भंगाराच्या पिंपात तळाशी कोंबलं. रोज पाच-दहा खुंट्या तर बाद होतात, त्यात एवढं काय, असं मनाशी म्हटलं आणि कडी मापाला लावली. माप बरोबर होतं.

तीन आठवड्यांनी चाचणीच्या मैदानावरून निरोप आला. आमच्या मालातले नमुन्याचे गोळे डागले, त्यातले चार फुटले नाहीत. चौकशीसाठी वरून एक साहेब आले. कड्या तपासल्या, त्या निर्दोष. वही तपासली, त्यावर शिकलगारांची सही. मग कारखान्याच्या डॉक्टरने चाचांचे डोळे तपासले आणि कारण सापडलं. नजर अधू झाल्याचं लपवून या माणसाने युद्धाच्या तोंडावर नासका माल पुढे ढकलला. कॅन्टीनमध्ये कुणीतरी त्याच्याही पुढे गेलं. असल्या दिवसांत अशा गोष्टी आपोआप होत नसतात, असं म्हणून त्याने चाचांचं नाव जरा लांबवून उच्चारलं. दोघेतिघे हसले. मी ताटातला भात कालवत राहिलो.

मला साक्षीला बोलावलं. टेबलापलीकडे साहेब, बाजूला निरगुडकर, आणि भिंतीशी स्टुलावर चाचा.

“त्या दिवशी गेज मापाला लावलं, तेव्हा तुम्ही हजर होता?” साहेबांनी विचारलं.

“मला त्या दिवशी उशीर झाला होता साहेब. गाडी बंद पडली.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. साहेबांनी तो उतरवून घेतला आणि चाचांकडे वळले. “शिकलगार, तुम्हाला यावर काही सांगायचंय?”

चाचांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. मग मान वळवून ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माझा चेहरा धड दिसतही नसेल. मी खाली टेबलाच्या पायाकडे पाहत होतो. खोलीतला पंखा कुरकुरत होता आणि निरगुडकरांनी दोनदा खाकरून घेतलं.

“न्हाई साहेब,” शेवटी ते म्हणाले. “काय सांगायचं न्हाई.”

आठवड्याभरात त्यांना काढून टाकलं. क्वार्टर सोडताना टेम्पो आला तेव्हा मी रात्रपाळी मागून घेतली होती, म्हणजे दिवसा झोपलो होतो असं म्हणायची सोय झाली. ते गेल्यावर महिनाभराने त्या दिवसाच्या सगळ्या पेट्या गोदामांतून परत आणल्या गेल्या. युद्ध सुरू व्हायच्या आधीच त्या हुडकल्या होत्या. नंबर जुळवून त्या नष्ट करायच्या कामावर मीच होतो. एकही पेटी कमी नव्हती. तेव्हा मला फार हायसं वाटलं. झालं, कुणाचं काही बिघडलं नाही, असं मी सुलभाला लिहिलेल्या पत्रात मोघम लिहिलंसुद्धा. हायसं वाटायला माझ्यापेक्षा जास्त हक्काचं आणखी कुणी आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही. एक पोस्टकार्ड टाकायचं होतं. ते मी टाकलं नाही.

पुढे नोकरी पक्की झाली, लग्न झालं, मुलं झाली, मी चाचांच्या बाकावर बसलो आणि मग त्या विभागाचा प्रमुखही झालो. फक्त खंडेनवमीला मी कधी कामावर गेलो नाही. दरवर्षी रजा टाकायचो. सतराव्या वर्षी अशाच रजेच्या दिवशी सुलभाने घरातली विळी पाटावर मांडली आणि कुंकवाचं बोट पात्याकडे नेलं, तेव्हा मी तिचा हात धरला. जरा जोरात धरला असणार. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिथेच पाटाशेजारी बसून मी तिला सगळं सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मी केलं ते चूक की बरोबर, यावर एक अक्षर बोलली नाही. विळी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

“मला काय सांगता?” ती म्हणाली. “ज्यांना सांगायचं त्यांना सांगा. काही निमित्त हवं असेल तर हिला धार लावून आणा.”

रहिमतपुरात शिकलगारांचं घर कुणीही दाखवतं. बाजाराच्या टोकाला, चिंचेखाली धारेचं चाक मांडून चाचा बसले होते. शेजारी जैतुनचाची पायाने चाक फिरवत होत्या. चाचांची दाढी पांढरीशुभ्र झाली होती आणि डोळ्यांच्या बाहुल्या दुधाळ दिसत होत्या. मी विळी पुढे केली. त्यांनी ती चाचपली, पात्यावरून अंगठा फिरवला आणि नाव न विचारता म्हणाले, “बस, विश्राम.”

कसं ओळखलं, ते मी विचारलं नाही. मी जमिनीवर बसलो आणि एवढ्या वर्षांत पाठ केलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. कुंकू, एसटी, लाल झालेलं फडकं. चाची चाक फिरवायच्या थांबल्या.

“ते मला म्हाईत हाय,” चाचा म्हणाले. “एकाच दिसाचा माल खराब निगाला. कंचा दिस? नवमीनंतरचा पयला. मग मला आनि काय कळायचं ऱ्हायलं हुतं?”

“मग तुम्ही चौकशीत का नाही बोललात?”

त्यांनी विळी गुडघ्यावर आडवी ठेवली.

“मी काय बोलू? लडाई तोंडावर, आन् दस्तगीर शिकलगार सांगतोय की पूजेच्या कुंकवानं माल नासला. माज्या तोंडनं आलं असतं तर त्यो आळ झाला असता, बाबा. देवावर घातल्याला. तुज्या तोंडनं आलं असतं तर निस्ती चूक झाली असती. मनून मी वाट बगितली. त्या खोलीत बगितली. मग टेंपो भरला तवा बगितली.” त्यांनी पात्यावरून पुन्हा अंगठा फिरवला. “मग सोडून दिली.”

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. बाजारातली माणसं बघत होती. चाचा मला गप्प करायला गेले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी चाचींना खूण केली, चाक पुन्हा फिरू लागलं, आणि पात्याला दगड लागला तशा ठिणग्या उडायला लागल्या. बराच वेळ ते धार लावत राहिले. मग चाकावरून मान न उचलता त्यांनी विचारलं.

“एक सांग. त्यातला एकबी गोळा सरहद्दीवर गेला न्हाई न्हवं?”

मी त्यांच्याकडे बघितलं. नोकरी गेली, नाव गेलं, त्यातलं काहीच ते विचारत नव्हते. सतरा वर्षं हा माणूस चिंचेखाली बसून हेच मनात घेऊन होता, की कुठल्या तरी पोराने बर्फात उभं राहून आपण पास केलेला गोळा डागला असेल आणि तो फुटला नसेल. आणि याचं उत्तर सतरा वर्षं माझ्याकडे होतं.

“नाही चाचा,” मी म्हणालो. “एकही नाही. सगळ्या पेट्या सापडल्या.”

चाक थांबलं.

“डोळ्यानं बगितल्यास? का निस्तंच म्हनतुयास?”

मी बघितल्या होत्या. माझ्या हाताने नंबर जुळवले होते. मुलांची शपथ घेऊन मी तसं सांगितलं, गोदाम कुठलं, पेट्या किती, बरोबर कोण होतं, सगळं सांगितलं. जन्मात याहून खरं मी काही बोललो नसेन. चाचा ऐकत होते. त्या सकाळी सही करण्याआधी ऐकलं होतं, तसंच नीट कान देऊन.

“बरं,” ते म्हणाले.

त्यांना ते पटलं की नाही, मला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही. त्यांनी तेलाचं फडकं घेतलं आणि विळीचं पातं पुसलं. उलटं करून पुन्हा पुसलं. मला द्यायला हात पुढे केला आणि मध्येच थांबवला, आणि विळी चाचींकडे वळवली.

“जैतुन, नीट पुसलंय का बग गं.”

चाचींनी पातं उजेडात धरलं, दोन्ही बाजूंनी बघितलं आणि पुसलंय म्हणून सांगितलं. मग त्यांनी ती माझ्या हातात दिली.